प्रसादाचा अर्धा मोदक आणि मंडळीतील दोन मते

प्रश्न: नाशिककर सभासद

सर्व बंधुभगिनींना प्रेमाचा सलाम.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत गेले दोन महिने एका गोष्टीवरून जे चालले आहे ते मनाला फार लागले आहे, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. आमच्याकडे दर गुरुवारी घरोघरी प्रार्थनासभा होते. गणपतीच्या दिवसांत ती एका जुन्या सभासद आजींच्या घरी होती. प्रार्थना झाली, दोन गीते म्हणून झाली, आणि चहाबरोबर आजींनी चिवडा व मोदक पुढे ठेवले. तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेले एक तरुण बंधू माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी मोदकाचा पहिला घास घेतला असेल-नसेल, तोच आजींची नात सहज म्हणाली, "वरच्या काकूंनी गणपतीचा प्रसाद पाठवलाय." त्या बंधूंनी उरलेला मोदक बशीत ठेवला, बशी पेटीच्या झाकणावर ठेवली, आणि कोणाशी एक शब्दही न बोलता चपला घालून ते निघून गेले. त्या दिवसापासून ते गुरुवारच्या प्रार्थनेलाही आले नाहीत आणि रविवारच्या उपासनेलाही नाहीत.

आजींच्या घरची ही ख्रिस्ती म्हणून चौथी पिढी आहे. त्यांच्या बाजूच्या लोकांचे म्हणणे असे, की मूर्ती काहीच नाही हे शास्त्रच (बायबलच) सांगते, मग तांदळाच्या पिठाला आणि ओल्या खोबऱ्याला काय होणार आहे. शिवाय ज्या काकू आजींच्या आजारपणात रात्र-रात्र उशाशी बसल्या, त्यांनी प्रेमाने पाठवलेला डबा परत पाठवणे हे कोणत्या ख्रिस्ती प्रीतीत बसते? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की प्रभूच्या मेजावर बसणाऱ्याने दुसऱ्या मेजावरचे खाऊ नये, आणि एका नव्या विश्वासी माणसाला अडखळण करणाऱ्यांनी आधी पश्चात्ताप करावा. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर दोन्हीकडून वचने येत राहिली आणि प्रत्येक वचनाबरोबर माणसे एकमेकांपासून अधिकच दूर गेली. रविवारी लोक बाके निवडून बसू लागले आहेत.

आता कमिटीपुढे दोन ठराव आले आहेत. एक म्हणतो की कोणाही सभासदाने मूर्तीचा प्रसाद स्वीकारू नये. दुसरा म्हणतो की ही प्रत्येकाची खासगी बाब आहे, मंडळीने तीत पडू नये. मी महिला मंडळाची सेक्रेटरी असल्यामुळे दोन्ही कागद सहीसाठी माझ्याकडे आले असून आठवडाभर ते माझ्या शास्त्राच्या पानांत तसेच पडून आहेत. एखादी गोष्ट विश्वासाची आहे की मताची, हे मंडळीने ठरवायचे कसे? आणि मताची आहे असे ठरले, तर दोन मतांच्या माणसांनी एका छपराखाली राहायचे कसे?

उत्तर: एक निवृत्त पाळक, मराठवाडा

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी पुन्हा एकदा करिंथकरांस पहिले पत्र उघडले. आपल्या मराठी शास्त्रात आठव्या अध्यायाच्या आरंभीच 'नैवेद्य' हा शब्द भेटतो. परदेशातील वाचकांना हा अध्याय दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शहरातील मांसाविषयीचा वाटत असेल. आपल्याला तो जिन्यावरून खाली आलेल्या स्टीलच्या डब्याविषयीच वाटतो, आणि तसे वाटणे बरोबरच आहे.

हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तेथे एकच सरसकट नियम देत नाही, हे मंडळीला आधी शांतपणे वाचून दाखवावे. तो तीन प्रसंग वेगळे करतो. देवळात बसून तेथल्या भोजनात भाग घेणे त्याला मान्य नाही, कारण तेथे माणूस उपासनेतच सामील होतो. बाजारात विकायला असलेले काही खायचे असेल तर चौकशा न करता खावे, असे तो म्हणतो. आणि अविश्वासी माणसाने घरी बोलावले तर जे वाढले जाईल ते खावे, मात्र कोणी 'हे अर्पण केलेले आहे' असे सांगितले तर सांगणाऱ्याच्या आणि विवेकभावाच्या खातर खाऊ नये, असे तो दहाव्या अध्यायाच्या 28 व्या वचनात लिहितो. तो विवेकभाव तुझा नव्हे, दुसऱ्याचा, असा खुलासाही तो पुढच्याच वचनात करतो. तुमच्या आजींच्या नातीचे वाक्य नेमके या जागी येऊन बसते. त्या वाक्याच्या आधीचा मोदक आणि नंतरचा मोदक यांत पिठाखोबऱ्याचा काहीही फरक पडला नाही, पण शेजारी बसलेल्या भावाच्या मनात पडला, आणि पौल त्या मनाची गणना करतो.

रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात हाच विषय अधिक मोठा होतो. सम्राट क्लौद्य याने सुमारे इसवी सन 49 मध्ये यहूद्यांना रोमातून घालवले, हे प्रेषितांच्या कृत्यांत अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या हकिकतीत आले आहे. पुढे ते लोक परतू लागले तेव्हा रोमातील मंडळी यहूदीतर विश्वासी लोकांच्या चालीने चालू लागली होती, आणि म्हणूनच भाजीपाला खाणारे व सर्व काही खाणारे, दिवस पाळणारे व न पाळणारे असे तट तेथे पडले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. पौलाचे स्वतःचे मत ठाम होते, की कोणताही पदार्थ मूळचा अशुद्ध नाही, आणि ते तो लपवतही नाही. तरीही स्वतःचे मत तो मंडळीचा नियम करत नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, एवढेच तो मागतो. ही दोन पापे निरनिराळ्या स्वभावांची आहेत. ज्याला मोकळीक कळली आहे त्याच्या ओठांवर हसू येते. ज्याला भीती वाटते त्याच्या जिभेवर निवाडा येतो. आपण कोणत्या बाजूचे आहोत ते पाहून प्रत्येकाने आपलेच पाप शोधावे.

विश्वासाची बाब कोणती आणि मताची कोणती, हे केवळ विषयावरून ठरत नाही, असे मला चाळीस वर्षांच्या सेवेनंतर वाटते. हाच पौल रोमकरांना सांगतो की दिवस पाळणाऱ्याने ते प्रभूसाठी पाळावेत, आणि गलतीकरांना मात्र दिवस पाळता म्हणून खडसावतो. तोच आपल्या सोबत्यांपैकी तीमथ्याची सुंता करवतो आणि तीताची होऊ देत नाही. विषय तोच असतो. फरक एवढाच, की गलतीयात काही लोक त्या गोष्टीला तारणाची अट करू पाहत होते, आणि अट झाली की मत मताच्या जागी राहत नाही.

अंत्युखियातील प्रसंगही ठरावावर सही करण्यापूर्वी वाचावा. तेथे पेत्र यहूदीतर भावांबरोबर जेवत होता आणि यरुशलेमेकडची माणसे आल्यावर पंगतीतून मागे सरला. पौलाने त्याला तोंडावर विरोध केला तो या मागे सरण्याला. तेव्हा तुमच्यापुढच्या दोन कागदांपैकी कोणता कागद बशी ठेवून गेलेल्या भावाला परत पंगतीत आणतो, एवढाच प्रश्न मी कमिटीला विचारला असता. मला तर दोन्हींपैकी एकही आणताना दिसत नाही.

उत्तर: पहिल्या पिढीतील विश्वासी, पुणे

पाळकसाहेबांविषयी पूर्ण आदर ठेवून थोडे वेगळे लिहितो, कारण बशी ठेवून निघून गेलेला माणूस मला आतून ओळखीचा आहे.

अशा गोष्टींनी ज्याचे मन अडखळते त्याच्यासाठी पौलाने वापरलेला 'दुर्बळ' हा शब्द आपल्या मंडळ्यांत फार सहज वापरला जातो. ज्यांच्या घरात पणजोबांपासून नाताळ आहे त्यांना प्रसाद म्हणजे शेजाऱ्याचा खाऊ वाटतो, कारण त्यांनी तो कधी प्रसाद म्हणून खाल्लेलाच नसतो. मी खाल्ला आहे. माझी आई 21 मोदक केळीच्या पानावर मांडायची, त्याभोवती पाणी फिरवायची, डोळे मिटायची, आणि आरती होईपर्यंत आम्हा भावंडांना वाटीतल्या सारणालाही बोट लावू द्यायची नाही. तो मोदक हातावर पडला की आम्ही आधी तो कपाळाला लावायचो. आज कोणी मला 'अरे, पीठच ते' असे म्हणतो तेव्हा तो माझ्या आईचे मिटलेले डोळेही खोटे ठरवतो, हे त्याच्या लक्षात येत नाही. माझ्यासाठी ते खरे होते. त्या खरेपणातून मी मोठी किंमत देऊन बाहेर आलो; बाप्तिस्म्यानंतर सहा वर्षे आईने माझ्या हातचे पाणी घेतले नाही.

शिवाय ही बाब केवळ मताची आहे, हे इतक्या झटकन मान्य करणे मला जड जाते. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमेच्या सभेने यहूदीतरांवर जे मोजके ओझे ठेवले त्यात मूर्तींना अर्पिलेल्या पदार्थांपासून दूर राहणे हे आहेच. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात पर्गम आणि थुवतीरा येथील मंडळ्यांना याच कारणासाठी दोष दिला आहे. पौलाची वचने वाचताना ही वचने बाजूला ठेवणे प्रामाणिकपणाचे नाही.

तरीही ठरावाला माझा विरोध आहे, आणि तो माझ्या अनुभवातून आला आहे. मी विश्वासात ज्या मंडळीत वाढलो तेथे एक वृद्ध पंच होते. दिवाळीत त्यांच्या घरी गेले की ते ताट पुढे करण्याआधी हलक्या आवाजात सांगायचे, "ही करंजी आपल्या घरची, ती शेजारून आलेली, तुला चालेल तेच घे." त्यांनी मला कधी हसून काढले नाही आणि समजावण्याचाही प्रयत्न केला नाही. आठेक वर्षांनी शेजारचा फराळ मी मोकळ्या मनाने खाऊ लागलो. प्रसाद आजही घेत नाही आणि बहुधा कधी घेणारही नाही. पण त्या पंचांनी तो घेतला असता, तरी त्यांच्या हातून प्रभुभोजनाची भाकर घेताना माझा हात मागे सरला नसता. ठरावाने मला हे शिकवले नसते.

एक कबुलीही द्यावीशी वाटते. त्या वर्षांत मी मनातल्या मनात कितीतरी जुन्या सभासदांना नामधारी ठरवून टाकले होते. त्यांतील एका बाई रोज पहाटे चारला माझ्या आईसाठी प्रार्थना करत होत्या, हे मला त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी कळले.

उत्तर: निवृत्त शिक्षिका, दौंड

वरील दोन्ही उत्तरे मी दोनदा वाचली. माझे गाव पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या केडगावपासून दूर नाही, त्यामुळे ताटावरच्या वादाचा विषय निघाला की मला त्यांची आठवण होते.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्या शाकाहारी होत्या आणि बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी आपले खाणेपिणे बदलले नाही; अंडे घातलेल्या पुडिंगलाही त्यांचा आक्षेप असे. ज्या भगिनींच्या (अँग्लिकन जोगिणींच्या) आश्रयाला त्या राहत होत्या त्यांना यात जातीचा जुना अभिमान दिसला. त्यावर रमाबाईंनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात येऊन राहिली आणि कोणाला अपाय न करणाऱ्या आपल्या चालीरीती तिने सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेले आवडेल काय, असा त्यांचा सवाल होता. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, हेही त्यांनी विचारले.

मला या हकिकतीतून जे शिकायला मिळाले ते असे. त्याच काळात रमाबाईंच्या मनात त्रैक्याविषयी (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीविषयी) आणि मंडळीच्या अधिकाराविषयी खरोखरीचे गंभीर प्रश्न होते, आणि ते निश्चितच विश्वासाच्या गाभ्याचे होते. पण अंड्याच्या पुडिंगवरचा आक्षेप आणि त्रैक्यावरचा प्रश्न जेव्हा एकाच सुरात बोलले जातात, तेव्हा ऐकणाऱ्याला दोन्हींत एकच हट्ट दिसू लागतो, आणि ज्या प्रश्नावर खरोखर बसून बोलायला हवे तो मागे पडतो. आपल्याकडेही हेच होते. आमच्या मंडळीत मंगळसूत्र घालावे की नाही यावर तीन सभा झाल्या, आणि त्याच वर्षी एका सभासदाने भावाची जमीन बळकावली त्यावर एकही झाली नाही. हे लिहिताना मला आजही वाईट वाटते, कारण त्या तिन्ही सभांना मी हजर होते आणि तिन्हींत बोलले होते.

वाँटेजच्या ज्या भगिनींशी रमाबाईंचे एवढे खटके उडाले, त्यांनीच तो सारा पत्रव्यवहार संग्रहित करून ठेवला, म्हणून आज आपल्याला तो वाचायला मिळतो. एवढ्या मतभेदांनंतरही रमाबाईंनी आणि त्या भगिनींनी एकमेकींना पत्र लिहिणे थांबवले नव्हते.

उत्तर: कमिटीवर काम केलेला सभासद, नागपूर

मी व्यवहाराच्या बाजूने थोडे लिहितो.

आमच्या शहरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. त्यांत बालकांचा बाप्तिस्मा करणारे अँग्लिकन होते आणि केवळ स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यांचाच बाप्तिस्मा करणारे बाप्टिस्ट व ब्रदरनही होते. मोदकाच्या मानाने हा मतभेद केवढा मोठा, याचा विचार करावा. बोलणी 1929 पासून चालली होती, आणि शेवटी एकाने दुसऱ्याचे मत स्वीकारून ती संपली नाहीत. दोन्ही रीती मंडळीत मान्य राहतील; ज्या आईबापांना बालकाचा बाप्तिस्मा हवा त्यांनी तो करावा, ज्यांना नको त्यांनी बालकाचे अर्पण करावे आणि पुढे त्याने स्वतः बाप्तिस्मा घ्यावा, असे ठरले. ज्यांनी ते ठरवले त्यांना आपापल्या मताची चाड नव्हती असे कोणी म्हणणार नाही. चाड होती म्हणूनच चार दशके लागली.

याहून जुने उदाहरण दुसऱ्या शतकातील आहे. स्मुर्णा येथील पॉलिकार्प सुमारे 155 साली रोमला गेले. पुनरुत्थानाचा सण कोणत्या दिवशी पाळावा याविषयी त्यांचे आणि रोमचे बिशप अनिसेतस यांचे मत जुळले नाही, आणि कोणीही कोणाला वळवू शकले नाही. तरीही अनिसेतस यांनी आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी पॉलिकार्प यांच्या हाती दिला, आणि ते दोघे शांतीने वेगळे झाले. काही दशकांनी रोमचे बिशप व्हिक्टर याच मुद्द्यावर आशियातील मंडळ्यांना तोडायला निघाले, तेव्हा लिऑनच्या आयरेनियसने त्यांना या जुन्या भेटीची आठवण करून दिली.

तुमच्या कमिटीसाठी माझी सूचना अशी आहे. दोन्ही ठराव मांडणाऱ्यांना विनंती करावी की त्यांनी ते मतदानाला न टाकता मागे घ्यावेत. मतदान झाले तर एक बाजू 19 विरुद्ध 14 अशी जिंकेल आणि 14 घरे मनातून मंडळी सोडतील. त्याऐवजी मंडळीच्या कार्यक्रमात आणि घरोघरच्या प्रार्थनेत काय वाढायचे एवढीच मर्यादित गोष्ट एकमताने ठरवावी. कारण स्वतःच्या घरी आजींनी काय खावे हा कमिटीचा अधिकार नाही, पण मंडळी ज्या चटईवर एकत्र बसते तेथे कोणालाही विचारून घास उचलावा लागू नये, हे पाहणे तिचे काम आहे. आणि व्हॉट्सॲप गटावर या विषयाची चर्चा ताबडतोब थांबवावी. ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्या तोंडाकडे पाहून बोलावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर: नाशिककर सभासद

आपण सर्वांनी एवढा वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पुण्याच्या बंधूंचे उत्तर मी छापून आजींना वाचायला दिले. त्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचले, आणि आईने कपाळाला लावायला शिकवलेल्या मोदकाची ओळ वाचून झाल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मी खाल्ले याचे मला काही वाटत नाही. मी न सांगता त्याच्या पुढ्यात ठेवले, ते चुकले."

शनिवारी आम्ही दोघी त्या बंधूंच्या खोलीवर गेलो. आजींनी हेच वाक्य त्यांना सांगितले आणि त्यापुढे समजावणीचा एक शब्दही बोलल्या नाहीत. तेही फारसे बोलले नाहीत. ते आजींवर रागावलेले नव्हते. आपण न कळत खाल्ले त्याचे काय, या भीतीने ते झोपू शकत नव्हते आणि हे कोणाला विचारण्याची त्यांना लाज वाटत होती. पाळकसाहेबांनी लिहिलेला दहाव्या अध्यायातील भाग आम्ही तिघांनी मिळून वाचला. चौकशी न करता खावे, या वचनावर ते थांबले आणि त्यांनी ते पुन्हा वाचले. चहा त्यांनीच केला. आम्ही निघताना त्यांनी आजींना जिना उतरायला हात दिला. रविवारी ते उपासनेला आले नाहीत. गुरुवारी येईन असे म्हणाले आहेत.

दोन्ही कागद मी सही न करता पाळकांकडे परत दिले आणि नागपूरच्या बंधूंची सूचना सोबत लिहून दिली. एका ठरावाचे पुरस्कर्ते तो मागे घ्यायला तयार आहेत, दुसऱ्याचे अजून नाहीत. कमिटीची सभा पुढील रविवारी आहे. तोपर्यंत आपण सर्वांनी आमच्या मंडळीसाठी प्रार्थना करावी, ही विनंती.